स्टेनॅकच्या ओढ्याकाठची शंभर वर्षे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे आणि त्याच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचे कोळ्यांचे गाव. गावातून चढण चढून वर आले की स्टेनॅक नावाच्या ओढ्याकाठी ग्रॅनाइटच्या दगडात बांधलेली एक बुटकी इमारत लागते. हीच लीच पॉटरी. १९२० साली सुरू झालेल्या या हातघडणीच्या भांड्यांच्या कारखान्याला २०२० मध्ये शंभर वर्षे पुरी झाली. बर्नार्ड लीच, त्यांचे दोन मुलगे, पत्नी, नातवंडे अशा तीन पिढ्यांच्या हातांना इथली माती लागली. म्हणून याला घराण्याचा कारखाना म्हणायचे. पण 'घराणे' हा शब्द आपण गाण्यात ज्या अर्थाने वापरतो, त्याच अर्थाने तो इथे घ्यावा लागेल. रक्ताचे वारस एकामागून एक आपापल्या वाटेने गेले आणि ठेवा सांभाळला तो बऱ्याच अंशी परक्यांनी. तो सगळा पट या लेखात दशकवार मांडला आहे.

१९११ ते १९२० : मेजवानीत पडलेले बीज

संस्थेचा इतिहास पायाभरणीपासून सांगायचा असा रिवाज आहे. या संस्थेचा पाया मात्र इमारतीच्या नऊ वर्षे आधी तोक्योतल्या एका मेजवानीत घातला गेला. फेब्रुवारी १९११ ची गोष्ट. पाहुण्यांपुढे एकदा कच्ची भाजलेली भांडी आणि कुंचले ठेवले होते. ज्याने त्याने आपल्या भांड्यावर काहीतरी चितारायचे, मग ते झिलईत बुडवून छोट्या भट्टीत जायचे आणि थोड्याच वेळात लालबुंद होऊन चिमट्याने बाहेर यायचे. राकू पद्धतीचे हे भाजणे पाहुण्यांसाठी करमणूक होती. चोवीस वर्षांच्या बर्नार्ड लीच यांच्यासाठी ती करमणूक राहिली नाही.

लीच हे चित्रकार. जन्म १८८७ चा, हाँगकाँगचा. आई बाळंतपणात गेली, म्हणून पहिली काही वर्षे जपानमध्ये आजीआजोबांकडे गेली. पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण, मध्येच मनाविरुद्ध बँकेतली नोकरी आणि १९०९ साली धातूच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला शिकवण्यासाठी पुन्हा जपान. त्या मेजवानीनंतर मात्र मातीने त्यांना धरले. ते गुरू शोधत निघाले आणि सहावे ओगाता केन्झान या वृद्ध कुंभाराच्या दारी पोचले. मित्र तोमिमोतो केन्किची दुभाष्या म्हणून सोबत जायचे आणि जाता जाता तेही कुंभार होऊन बसले. या दोघांनाही केन्झान यांनी घराण्याची सनद दिली. झिलयांच्या कृती आणि घराण्याचे नाव पुढे चालवण्याचा अधिकार एका परदेशी शिष्याच्या हाती आला, तोही पोटच्या मुलाचा नव्हे तर शिष्याचा म्हणून. लीच पॉटरीचा पुढला इतिहास वाचताना ही सनद आठवणीत ठेवावी.

पुढे विचारवंत यानागी सोएत्सु यांच्या आबिको इथल्या जागेत लीच यांनी भट्टी घातली. १९१९ मध्ये तिथल्या कार्यशाळेला आग लागली, तेव्हा तोक्योत अझाबू भागात नवी भट्टी उभी राहिली. त्याच सुमारास सिरॅमिक्स शिकायला तोक्योत आलेला एक शीख तरुण या मंडळींत ऊठबस करू लागला होता. त्याचे नाव गुरचरण सिंग. पुढे दिल्ली ब्लू पॉटरी उभी करणारे सरदार गुरचरण सिंग ते हेच. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीची एक मुळी अशी थेट त्या वर्तुळातून आली आहे.

१९२० मध्ये सेंट आइव्हजहून पत्र आले. गावात हस्तव्यवसायांना उत्तेजन देणारी एक संस्था फ्रान्सेस हॉर्न या बाईंनी काढली होती आणि तिला कुंभार हवा होता. भांडवलाची सोय त्या करणार होत्या. लीच निघाले, आणि त्यांच्याबरोबर निघाले पंचवीस वर्षांचे हामादा शोजी. हामादांचे शिक्षण तोक्योच्या तांत्रिक विद्यालयातले आणि नंतर क्योतोच्या सिरॅमिक प्रयोगशाळेतले. लीच यांच्याकडे नजर होती, हामादांकडे रसायन होते. दोन संस्थापकांत यापेक्षा सोयीची वाटणी क्वचितच सापडेल.

१९२० ते १९३० : चढती भट्टी

गाव निवडले ते कुंभारकामाच्या सोयीने नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कॉर्नवॉलची चिनीमाती जगप्रसिद्ध आहे. सेंट ऑस्टेलच्या खाणींतून ती स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखान्यांना पिढ्यान् पिढ्या जात आली. पण ती पांढरी माती एकटी चाकावर चढत नाही, तिला चिकटपणा नाही. तेव्हा जवळच्या सेंट अर्थची लाल रेताड माती आणि बाहेरून आणलेली चिकण माती यांची मिश्रणे करून पाहणे आले. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. वाऱ्याने झोडपलेल्या त्या किनाऱ्यावर झाडे जेमतेमच, आणि संस्थापकांना भट्टी हवी होती लाकडाची.

भट्टी कसली, तर जपानी 'नोबोरिगामा', म्हणजे चढती भट्टी. आपल्याकडच्या कुंभाराचा आवा सपाट जमिनीवर रचतात. गोवऱ्या, काटक्या, भुसा यांच्यात भांडी दडवून वरून झाकतात, आणि उष्णता जाईल तिकडे जाते. चढत्या भट्टीत उतारावर पायऱ्यांसारख्या एकापुढे एक खोल्या असतात. खालच्या तोंडाशी जाळ घालायचा. ज्वाळा पहिल्या खोलीतून फिरून भिंतीतल्या भोकांवाटे दुसरीत शिरते, तिथून तिसरीत. पहिली खोली तयार होईपर्यंत पुढची आयती तापलेली असते. मग तिच्या बाजूच्या झरोक्यातून थोडे सरपण टाकले की काम भागते. स्टोनवेअरला, म्हणजे कडक आचेत दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांना, साधारण १,३०० अंश सेल्सियसपर्यंतची आच लागते, आणि ती गाठण्यासाठी रात्रीचा दिवस करावा लागतो. युरोपातली अशी ही पहिली भट्टी.

पहिल्या भट्टीने छळ मांडला. ती नीट तापेना, भांडी वाकडी होत, झिलई ओघळे, तडे जात. तेव्हा १९२२ मध्ये मात्सुबायाशी त्सुरुनोसुके हे भट्टीशास्त्रात मुरलेले गृहस्थ आले. क्योतोजवळच्या उजी गावात शतकानुशतके 'असाही' भांडी घडवणाऱ्या घराण्यातले हे कारागीर. त्यांनी १९२३ मध्ये तीन खोल्यांची नवी भट्टी बांधली. तीच पुढे पन्नासेक वर्षे चालली. तिचे श्रेय एका वाक्यात आटोपण्याची पद्धत पडली आहे, पण पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने बांधलेल्या भट्टीवर संस्थेने अर्धे शतक काढले, ही गोष्ट एका वाक्यात मावणारी नाही.

रोजच्या कामात जॉर्ज डन नावाचे स्थानिक गृहस्थ होते. माती कालवणे, लाकूड फोडणे, पडेल ते करणे हे त्यांच्याकडे. हिशेब आणि पत्रव्यवहार एडगर स्किनर यांनी सांभाळला. १९२३ च्या अखेरीस हामादा मायदेशी परतले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तोक्यो-योकोहामाचा भूकंप झाला होता. जाण्याआधी लंडनला त्यांच्या भांड्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले होते, आणि इंग्रज ग्राहकाने ती खरेदीही केली.

त्याच वर्षी मायकेल कार्ड्यू हा पहिला शिष्य आला. ऑक्सफर्डमधून आलेला, डोक्यात जुन्या इंग्रजी मातीच्या भांड्यांचे वेड. त्यानंतर कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी आणि नोरा ब्रेडन या दोघी आल्या. प्लेडेल-बूव्हरींनी पुढे आपल्या घरच्या वाडीतल्या निरनिराळ्या झाडाझुडपांची राख करून झिलया सिद्ध केल्या आणि कोणत्या राखेने काय रंग येतो याची पद्धतशीर टिपणे ठेवली. चुलीतली राख भांडी घासायला वापरणाऱ्या आपल्या घरांना हे शास्त्र नवे वाटेल. राखेत चुना असतो, पोटॅश असते, सिलिका असते. कडक आचेत तीच वितळून काच होते.

कारखाना मात्र तोट्यात. भट्टी निघे तेव्हा चांगला माल थोडाच हाती लागे. लंडनच्या दालनांत लीच यांच्या निवडक भांड्यांना किंमत येई, जपानहून मित्र ती मागवत, पण तेवढ्यावर पाच मुलांचे घर आणि भट्टीचे पोट भरत नव्हते. उन्हाळ्यात समुद्रकिनारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मग राकूचा प्रयोग सुरू झाला. भांडे घ्या, चितारा आणि भाजून घरी न्या. ज्या मेजवानीतून सारे सुरू झाले होते, तीच आता कारखान्याला चार पैसे मिळवून देत होती. चुलीभोवती लावायच्या चित्रांकित फरश्याही केल्या. १९२८ मध्ये लीच यांनी एका छोट्या पुस्तिकेत कबूल केले की दालनासाठी दुर्मीळ भांडी आणि स्वयंपाकघरासाठी स्वस्त, टिकाऊ भांडी अशी दोन्ही कामे केल्याशिवाय कुंभाराला उभे राहता येणार नाही. कबुली दिली खरी, पण ती अमलात आणायला दुसरे डोके लागले.

१९३० ते १९४० : डेव्हिड

ते डोके थोरल्या मुलाचे. डेव्हिड लीच, जन्म तोक्यो, १९११; म्हणजे राकूच्या मेजवानीचे आणि डेव्हिडच्या जन्माचे साल एकच. १९३० मध्ये तो वडिलांच्या हाताखाली आला.

याच काळात डेव्हनमधल्या डार्टिंग्टनचे लेनर्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट हे दांपत्य लीच यांच्या पाठीशी उभे राहिले. लेनर्ड एल्महर्स्ट म्हणजे १९२२ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून श्रीनिकेतनचे काम उभे करणारे. डार्टिंग्टनची शाळा आणि तिथले ग्रामोद्योग यांमागे बंगालमधल्या त्या अनुभवाचा मोठा वाटा होता. लीच यांना तिथे शिकवण्याचे काम मिळाले, भट्टीला जागा मिळाली आणि १९३४ मध्ये जपानच्या दीर्घ प्रवासासाठी पाठबळही.

लीच जपानला गेले आणि इकडे मुलगा स्टोक-ऑन-ट्रेंटला. स्टोक म्हणजे यंत्राची, साच्याची, लाखो एकसारख्या कपबश्यांची पंढरी. वडिलांनी ज्याच्याविरुद्ध लेखणी झिजवली होती त्याच गावात जाऊन डेव्हिडने पॉटरी-व्यवस्थापकांचा अभ्यासक्रम केला. बापलेकांत यावरून काय बोलणे झाले ते बाजूला ठेवू. घडले ते संस्थेच्या हिताचे घडले. दरम्यान कारखाना हॅरी डेव्हिस या विलक्षण वेगाने चाक चालवणाऱ्या तरुणाने चालू ठेवला होता.

१९३७ मध्ये परतल्यावर डेव्हिडने तीन गोष्टी केल्या. भट्टीला लाकडाऐवजी तेलाचे बर्नर लावले. माती मळायला यंत्र आणले. मऊ मातीवरच्या कमी आचेच्या भांड्यांऐवजी स्टोनवेअरकडे कारखान्याचा मोहरा वळवला, कारण लाल मातीची भांडी टवके उडून परत येत. आणि सगळ्यांत महत्त्वाची चौथी गोष्ट (तीन म्हटले खरे, पण ही वेगळीच मोजायला हवी), त्याने कलाशाळांतले हौशी घेण्याऐवजी गावातली पोरे उमेदवार म्हणून घ्यायला सुरुवात केली. १९३८ मध्ये बिल मार्शल नावाचा मुलगा आला. वय पंधराच्या आसपास. तो पुढे जवळजवळ चाळीस वर्षे राहिला.

यातून जन्मली ती 'स्टँडर्ड वेअर'. ठरावीक घाटाची, ठरावीक किमतीची, रोजच्या वापराची भांडी. कानवाले सूपचे वाडगे, झाकणाची पातेली, दूध-पाण्याचे जग, मग, चहादाण्या, लोणी-मुरंब्याची भांडी आणि ओव्हनमध्ये एखादे अंडे भाजायचे चिमुकले लांब दांड्याचे भांडे. सगळ्यांची छापील यादी असे आणि टपालाने मागणी येई. उमेदवाराला एक भांडे शिकवायचे ते असे: इतक्या वजनाचा गोळा, इतकी उंची, तोंडाला इतकी रुंदी. मापाची काडी समोर. एकाच घाटाचे शेकडो नग काढल्यावर हात त्या घाटाला ओळखू लागतो, मग काडीकडे बघावे लागत नाही. झिलई काळपट तपकिरी 'तेन्मोकू', हिरवट निळी 'सेलॅडॉन' किंवा ओटच्या पेजेसारखी पांढुरकी. तळाजवळ ठसा उठे तो सेंट आइव्हजच्या कारखान्याचा. घडवणाऱ्याचे नाव नसे.

आपल्याकडच्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवर कोणाचे नाव असते? तिला कोणी संग्रहालयात ठेवत नाही, पण फुटली तर घरात हळहळ होते. लीच यांना हवे होते ते बहुधा असेच काही. यानागी, हामादा आणि कुंभार कावाई यांनी १९२५ च्या सुमारास जपानमध्ये 'मिंगेई' हा शब्द घडवला, लोकांची कला या अर्थी. अनाम कारागिराच्या हातून, रोजच्या वापरासाठी, पुनःपुन्हा घडताना जे सौंदर्य येते ते खरे, असे त्यांचे म्हणणे. स्वतः बर्नार्ड मात्र आपल्या भांड्यांवर 'बीएल' अशी सही करत आले. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी शंभर वेळा दाखवली आहे, एकशेएकाव्यांदा दाखवण्यात अर्थ नाही. बर्नार्डच्या सहीने दालनात नाव झाले, आणि बिनसहीच्या वाडग्यांनी आठवड्याचा पगार भागवला.

१९४० ते १९५० : बॉम्ब आणि पुस्तक

१९४० साली लंडनच्या फेबर प्रकाशनाने बर्नार्ड लीच यांचे 'अ पॉटर्स बुक' काढले. माती कशी निवडावी, चाकावर हात कुठे ठेवावा, झिलई कशी घोटावी, भट्टी कशी बांधावी हे सगळे, आणि सोबत भांडे चांगले म्हणजे काय यावर ठाम मते. त्यातल्या काही मतांशी आज कोणी सहमत होणार नाही. इंग्रजी कारखान्यांबद्दल ते फार कडवट आहे आणि चीनच्या सुंग काळाबद्दल फार भक्तिभावाने बोलते. पण एकट्या-दुकट्याने भट्टी घालू पाहणाऱ्या जगभरच्या माणसांना या पुस्तकाने गुरू पुरवला. त्यातल्या कृती उतरवून घेणाऱ्यांत भारतातलेही होते.

१९४१ मध्ये गावाजवळ पडलेल्या बॉम्बने कारखान्याची मोडतोड झाली. डेव्हिडला सैन्यात जावे लागले. उरलेल्या मोजक्या माणसांनी छपराची डागडुजी करून काम चालू ठेवले. डिकन नान्स या कुशल गृहस्थाने या सुमारास पायाने हलवायच्या चाकाची सुधारित रचना केली. बसायची जागा, पायाखाली झुलती पट्टी, खाली जड चक्र. हे 'लीच चाक' पुढे जगभर विकले गेले.

याच काळातली एक छोटी गोष्ट. १९४२ मध्ये गावातले आल्फ्रेड वॉलिस गेले. जन्मभर समुद्रावर आणि मग भंगार विकण्यात गेलेले हे गृहस्थ म्हातारपणी पुठ्ठ्यांवर जहाजे रंगवू लागले होते. शेवट गरिबांच्या आश्रमात झाला. बार्नून दफनभूमीतल्या त्यांच्या कबरीला बर्नार्ड लीच यांनी आपल्या हाताने चितारलेल्या स्टोनवेअरच्या फरश्या बसवल्या. दीपगृहाच्या पायऱ्या चढणारी, हातात काठी असलेली एक इवलीशी आकृती. समुद्राचा खारा वारा खाऊन त्या फरश्या आजही तिथे आहेत.

युद्ध संपल्यावर बाजारात भांड्यांचा दुष्काळ होता. डेव्हिड परतला, भागीदार झाला. स्टँडर्ड वेअरला लंडनच्या मोठ्या दुकानांतून मागणी आली. केनेथ क्विक, स्कॉट मार्शल ही गावातली नवी पोरे चाकावर बसली. सकाळच्या सुट्टीत सगळे शेकोटीभोवती चहाला जमत, आणि बर्नार्ड एखादे जुने कोरियन किंवा इंग्रजी भांडे हातात देऊन त्यावर बोलत. शाळा म्हणून वेगळी काही नव्हती, तो चहा हीच शाळा.

१९५० ते १९६० : माणसे जातात, माणसे येतात

अमेरिकेतून वॉरन आणि ॲलिक्स मॅकेन्झी हे तरुण जोडपे आले आणि दोनेक वर्षे लीच यांच्या घरातच राहिले. वॉरन पुढे मिनेसोटात परतले आणि जन्मभर स्वस्त, वापरायची भांडी करत राहिले. १९५२ मध्ये डार्टिंग्टनला कुंभार आणि विणकरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला हामादा आणि यानागी आले, आणि तिथून लीच यांच्यासह तिघे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यात जॅनेट डार्नेल ही टेक्सासची शिल्पकार-कुंभार हामादांचे काम पाहून थेट जपानला जायला निघाली. माशिकोत हामादांकडे आणि मग ताम्बाच्या डोंगरगावात ती शिकली. १९५६ मध्ये तिचे आणि बर्नार्ड यांचे लग्न झाले, आणि जपानमध्येच स्थायिक व्हायचा बेत बदलून दोघे सेंट आइव्हजला आले.

याच सुमारास डेव्हिडने डेव्हनमध्ये बोव्ही ट्रेसीजवळ लोअरडाउन इथे स्वतःचा कारखाना काढला. धाकटा मुलगा मायकेल यानेही उत्तर डेव्हनमध्ये वेगळी भट्टी घातली. मतभेद प्रत्येक घरात असतात, संस्थेतही असतात. इथे नोंद करायची ती एवढीच की एका भट्टीच्या तीन भट्ट्या झाल्या आणि तिन्ही चालल्या. कारभार जॅनेट यांच्याकडे आला.

१९६० ते १९८० : भरभराट आणि अखेर

जॅनेट लीच यांच्या वाट्याला कौतुक कमी आले, आणि हे या लेखात तरी भरून काढायला हवे. बर्नार्ड लिहीत, प्रवास करत, भाषणे देत. पगार, मागण्या, भट्ट्यांचे वेळापत्रक, येणारे-जाणारे विद्यार्थी हे जॅनेट यांनी पाहिले. त्यांची स्वतःची भांडी बर्नार्डच्या सौम्य घाटांपेक्षा फार वेगळी. रांगडी, काळी, फटकारे मारलेली. नवऱ्याच्या शैलीची सावली त्यांनी आपल्या कामावर पडू दिली नाही. जगभरचे विद्यार्थी त्यांच्या काळात येत राहिले. आता उमेदवार गावचा असेच असे नाही, दोनेक वर्षे राहायचे, स्टँडर्ड वेअर करायचे आणि निघायचे असा परिपाठ पडला. डेव्हिडचा मुलगा जॉन आजोबांकडे शिकून गेला आणि १९६० च्या दशकात सॉमरसेटमधल्या मचेल्नी गावी त्याने लाकडावर भाजलेली भांडी करायला सुरुवात केली.

या शिष्यवर्गातले मराठी नाव म्हणजे निर्मला पटवर्धन. शांतिनिकेतन, मग जर्मनीत श्टुटगार्ट आणि मग इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्याकडे असे त्यांचे शिक्षण झाले. झिलई हा त्यांचा ध्यास. भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालातून, इथल्या भट्ट्यांत काय साधते याचे उत्तर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून शोधले आणि भारतीय कुंभारांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. परदेशी कृतीपुस्तकात लिहिलेले फेल्डस्पार आपल्या बाजारातल्या फेल्डस्पारसारखे वागत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला त्या पुस्तकाची किंमत कळते.

मान येत राहिले. १९६८ मध्ये सेंट आइव्हजने लीच आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांना एकाच वेळी गावाचे मानकरी केले. १९७३ मध्ये 'कंपॅनियन ऑफ ऑनर' हा किताब. तोवर बर्नार्ड यांची दृष्टी जवळपास गेली होती आणि १९७२ पासून चाक थांबले होते. त्याआधीच्या वर्षांत त्यांची मोठी भांडी बरेचदा बिल मार्शल चाकावर काढून देत आणि चित्रण-कोरीवकाम बर्नार्ड करत. मार्शल यांनी याचा कधी गाजावाजा केला नाही. १९७७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बर्नार्ड यांच्या साऱ्या कामाचे प्रदर्शन झाले. त्याच वर्षी मार्शल यांनी कारखाना सोडून गावाजवळच आपले चाक मांडले.

मात्सुबायाशींची चढती भट्टी याच दशकात कायमची थंडावली. हामादा १९७८ च्या जानेवारीत गेले, बर्नार्ड ६ मे १९७९ रोजी. स्टँडर्ड वेअरही थांबली.

१९८० ते २००५ : मधली वर्षे

या पंचवीस वर्षांवर फार लिहिण्यासारखे नाही. जॅनेट आपले काम करत राहिल्या. ट्रेव्हर कॉर्सर १९६० च्या दशकात आले होते ते राहिले, जोआना वेसन जॅनेट यांच्या मदतीला आल्या, आणि दोघांनी चाक फिरते ठेवले. १९९७ मध्ये जॅनेट गेल्या आणि वास्तू घराण्याबाहेर गेली. ओल आणि गळकी छपरे यांनी ती पोखरली. भट्टीवरची शेडही डळमळू लागली.

घराणे मात्र आटले नव्हते. डेव्हिड २००५ मध्ये गेले तोवर त्यांचे मुलगे जॉन, जेरेमी, सायमन आणि मायकेलचा मुलगा फिलिप हे सारे कुंभार होते. पण ते आपापल्या गावी आणि आपापल्या घाटांत. स्टेनॅकच्या काठी परत येऊन तोच वाडगा, तेवढ्याच वजनाचा गोळा घेऊन कोणी करत बसावे अशी अपेक्षा कोणाकडूनही करणे रास्त नव्हते.

२००५ ते २०२० : पुन्हा चाक

वास्तू वाचवायची तर दोन मार्ग असतात. एक म्हणजे कुलूप लावून पाटी लावायची: इथे अमुक राहत होते. दुसरा मार्ग खर्चिक. २००५ च्या सुमारास स्थानिक पंचायत, गावकरी, कुंभार आणि वेगवेगळ्या निधींच्या साह्याने जागा ताब्यात आली, विश्वस्त मंडळ झाले आणि दुसरा मार्ग घेतला गेला. जुनी कार्यशाळा, शेकोटी, मातीची टाकी, जॉर्ज डन जिथे माती कालवत ती जागा, तीन खोल्यांची भट्टी हे सारे जसेच्या तसे जपून संग्रहालय केले आणि शेजारीच नव्या भट्ट्यांसह नवा कारखाना बांधला. २००८ च्या मार्चमध्ये दार उघडले.

प्रमुख कुंभार म्हणून आलेले जॅक डोहर्टी यांच्यापुढे पेच होता. जुन्या यादीतली भांडी तशीच्या तशी काढायची, की नवी? त्यांनी नवे घाट बसवले. शिस्त मात्र तीच ठेवली: वजनाचा गोळा, मापाची काडी, रोजच्या वापराचे भांडे, तळाजवळ कारखान्याचा ठसा. २०१३ मध्ये हे काम दक्षिण आफ्रिकेतून आलेले रूलॉफ आयस यांच्याकडे आले. दोघांपैकी कोणीही लीच नाही. उमेदवार पुन्हा घेतले जाऊ लागले, स्थानिक आणि परदेशीही. त्यांनी केलेल्या भांड्यांच्या विक्रीतून संग्रहालयाचा खर्च चालायला हातभार लागतो. १९३७ मध्ये डेव्हिडने स्टोकहून आणलेला हिशेब अजून तसाच मांडला जातो.

जपानचा धागाही तुटलेला नाही. २०११ च्या भूकंपात माशिकोतल्या हामादांच्या जुन्या भट्टीची पडझड झाली. पुढच्याच वर्षी माशिको आणि सेंट आइव्हज ही दोन गावे रीतसर मित्रगावे झाली. उजीच्या मात्सुबायाशी घराण्यातली आजची पिढीही इथे येऊन चाकावर बसून गेली. आपल्या पूर्वजाने बांधलेली, आता थंड पडलेली भट्टी कुंपणाच्या दोरीपलीकडून पाहणे कसे असेल, याचा विचार मनात येतो.

शताब्दीचे वर्ष २०२० उजाडले आणि कोविडने दारे बंद केली. ठरवलेले कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, आवरते घ्यावे लागले. बॉम्ब आणि सरपणाचा दुष्काळ पाहिलेल्या संस्थेला हे नवे नव्हते. दारे पुन्हा उघडल्यावर उमेदवार चाकावर परतले. तराजूवर गोळे तोलले गेले, समोर काडी रोवली गेली, आणि फळीवर मगांची रांग लागली. किंचित सुकल्यावर प्रत्येकाच्या तळाजवळ तो छोटा गोल ठसा.